एक ग्राफिक्स कार्ड घामाघूम, दुसरं झोपलेलं (आणि मधूनच गायब!) - लॅपटॉपवाल्यांनी मदत करा

रात्रीचा_रेंडर

मंडळी, दोन आठवडे झाले हे गुऱ्हाळ चालू आहे, आता माझं डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतोय.

लॅपटॉप आय५ १२५००एच, त्यात इंटेलचं इनबिल्ट आयरिस एक्सई आणि वेगळं एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०, ४ जीबीवालं. रॅम १६ जीबी, विंडोज ११. काम मुख्यतः ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे. पूर्वी मस्त चालायचं. आता व्ह्यूपोर्टमधे (म्हणजे काम करताना सीन दिसतो ती खिडकी) सीन फिरवायला गेलो की माउस पुढे आणि सीन मागून रांगत येतो, साधा एक खोलीचा सीन आहे हो, टेबल खुर्ची खिडकी, फार काही नाही. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) ० म्हणजे इंटेल ९५-९८ टक्क्यांवर धापा टाकतंय आणि जीपीयू १ म्हणजे आरटीएक्स शून्यावर आडवं पडलंय. ज्याच्यासाठी पैसे मोजले तेच झोपलेलं.

गंमत म्हणजे फायनल रेंडर (सीनचं शेवटचं पक्कं चित्र) लावला की तो पूर्वीसारखाच पटकन होतो. हे मला झेपतच नाहीये.

दुसरा त्रास. मधूनच जीपीयू १ टास्क मॅनेजरमधून गायब होतं, नावच नाही. डिव्हाइस मॅनेजरमधे पण नाही. मग कधी रिस्टार्टनंतर येतं कधी आपोआप येतं. बॅटरीवर असताना होतं म्हणावं तर चार्जर लावलेला असतानाही दोनतीनदा झालंय, त्यामुळे तो विषय नाही.

एका व्हिडिओत सांगितलं म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधे इंटेलवालं डिसेबल करून बघितलं, म्हटलं मग झक मारत आरटीएक्स वापरेल. तर अक्षरं फुगली, सगळं धुरकट, ब्राइटनेसची पट्टी गायब, आणि ब्लेंडर तर उघडेचना. घाबरून परत एनेबल केलं.

ही दोन कार्डं एकमेकांशी भांडतायत का? ड्रायव्हरचा (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लोचा आहे की कार्डच चाललंय वर?

सीधाफॉरमॅट

फॉरमॅट मारा. दोन तासांचं काम, दोन आठवडे कशाला घालवताय.

जुना_पंखा

फॉरमॅट मारू नका, निदान आज तरी नको. तुमच्या पोस्टमधेच अर्धं उत्तर आहे.

आधी ते इंटेल डिसेबल करायचं खूळ डोक्यातून काढा. मी पण हेच केलं होतं एकदा आणि माझी तर स्क्रीनच काळी झाली, कीबोर्डचे दिवे तेवढे चालू, शेवटी एचडीएमआयला बाहेरचा मॉनिटर जोडला तेव्हा चित्र दिसलं आणि तिथून परत एनेबल केलं. अर्धा तास घाम फुटलेला. तर कारण असं की बहुतेक लॅपटॉपमधे तुमच्या स्क्रीनची वायर आरटीएक्सला जोडलेलीच नसते. ती इंटेलला जोडलेली असते. आरटीएक्स आपल्या मेमरीत फ्रेम रंगवतं, ती तयार फ्रेम पीसीआय एक्सप्रेस या आतल्या जोडणीवरून इंटेलच्या ताब्यातल्या मेमरीत कॉपी होते आणि इंटेल ती स्क्रीनवर टाकतं. एनव्हिडियाने २०१० मधे ऑप्टिमस नावाने आणलं ते हेच. म्हणजे इंटेल हा दारातला माणूस आहे, त्याला हाकलला की आतल्याचं काही बाहेर येत नाही. मग विंडोज आपला बेसिक डिस्प्ले ड्रायव्हर लावून कसंबसं दाखवतं, तेच तुम्हाला धुरकट दिसलं, आणि ब्राइटनेस पण इंटेलच्या ड्रायव्हरमार्फत जातो म्हणून पट्टी गेली.

तर भांडण वगैरे काही नाही. इंटेल कायम चालूच राहणार, डेस्कटॉप तोच रंगवणार, थोडे टक्के तिथे दिसणारच. प्रश्न एवढाच की ब्लेंडरचं काम कोणाकडे द्यायचं हे कोण ठरवतंय. आणि ठरवणारे बरेच असतात हो, बायॉसमधलं (विंडोजच्या आधी सुरू होणारं सॉफ्टवेअर) सेटिंग, लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं कंट्रोल अ‍ॅप, विंडोजची ग्राफिक्स सेटिंग, एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनल आणि शेवटी ते सॉफ्टवेअर स्वतः. एकाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने नाही तर आपल्याला वाटतं कार्ड बिघडलं.

आता तुमची गंमत. रेंडर फास्ट आणि व्ह्यूपोर्ट स्लो हे बरोबर जुळतंय. सायकल्सचा (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) रेंडर क्युडा किंवा ऑप्टिक्स या एनव्हिडियाच्या स्वतःच्या रस्त्याने थेट कार्डाशी बोलतो, ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमधे सिस्टीममधे तुम्ही कधीतरी आरटीएक्सवर टिक केलेली असणार, तिथे विंडोजला कोणी विचारत नाही. व्ह्यूपोर्ट मात्र सहसा ओपनजीएलमधे (कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालणारी चित्र काढायची पद्धत) चालतो आणि तो प्रोग्रॅम सुरू होताना जे कार्ड पदरात पडेल त्यावरच बसतो, मधेच बदलत नाही. तुमचा बसलाय इंटेलवर. म्हणजे कार्ड धडधाकट आहे, ड्रायव्हर पण चालतोय, नाहीतर रेंडर झालाच नसता.

अजून एक, टास्क मॅनेजरच्या शून्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ग्राफच्या डोक्यावर थ्रीडी असं लिहिलेलं असतं त्यावर क्लिक केलं की यादी उघडते, कॉपी, व्हिडिओ डिकोड, काही ठिकाणी क्युडा पण. रेंडर चालू असताना थ्रीडीचा ग्राफ सपाट आणि काम जोरात असं होऊ शकतं.

आता हे सांगा:
विंडोजच्या सेटिंग्जमधे सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे ब्लेंडर आहे का आणि त्याच्यापुढे काय लिहिलंय? ब्लेंडरच्या हेल्प मेनूत सेव्ह सिस्टीम इन्फो आहे, ती फाइल उघडून ओपनजीएलखाली रेंडररसमोर कोणाचं नाव आहे? आणि गायब होतं तेव्हा डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत शो हिडन डिव्हायसेस करून बघा, फिकट अक्षरात आरटीएक्स दिसेल, त्यावर कोड कुठला आहे?

डीडीयू_भक्त

मला वाटतं जुना_पंखा उगाच लांबण लावतायत. विंडोजने स्वतःहून टाकलेला एक ड्रायव्हर आणि तुम्ही हाताने टाकलेला दुसरा अशी खिचडी झाली की असे प्रकार होतात. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर (डीडीयू) घ्या, इंटरनेट बंद करा, सेफ मोडमधे (कमीत कमी ड्रायव्हरवर चालणारं विंडोज) जा, दोन्ही ड्रायव्हर साफ करा, मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आधी इंटेल मग एनव्हिडिया टाका. माझी तरी हीच पद्धत आहे आणि दरवेळी चाललीये. नेट बंद करायला विसरू नका, नाहीतर तुम्ही सेफ मोडमधून बाहेर आलात की विंडोज तुमच्या आधी आपलाच ड्रायव्हर टाकून मोकळं.

जुना_पंखा

पद्धत बरोबर आहे, रोग वेगळा आहे. ड्रायव्हरची खिचडी असती तर पिवळा त्रिकोण, कोड ४३ (बिघाड म्हणून विंडोजने थांबवलेलं यंत्र), इव्हेंट व्ह्यूअरमधे ४१०१ नंबरची (ड्रायव्हर अडकल्याची) एंट्री, स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येणं, असलं काहीतरी दिसलं असतं. त्यातलं काहीच ते म्हणत नाहीयेत. आणि कोणाला सेफ मोडमधे पाठवण्याआधी हे पण सांगत जा की डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो, तो आधी कुठेतरी बाहेर लिहून ठेवा. बायॉसमधे ग्राफिक्सचा मोड बदलला तरी तेच होऊ शकतं. लोकांचे चेहरे बघितलेत मी त्या निळ्या स्क्रीनसमोर.

डीडीयू_भक्त

४८ आकड्यांचं मान्य. एकदा माझंही तोंड पांढरं झालंय.

रात्रीचा_रेंडर

उत्तरं घेऊन आलो.

सिस्टीम इन्फोच्या फाइलमधे रेंडररसमोर चक्क इंटेल आयरिस एक्सई लिहिलंय. म्हणजे पंखासाहेब म्हणाले तेच.

पण विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमधे ब्लेंडर आहे हो! आणि हाय परफॉर्मन्सच केलेलं आहे, खाली आरटीएक्सचं नाव पण दिसतंय. मग ऐकत का नाही? एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधे पण करून बघितलं, काही फरक नाही.

हिडन डिव्हायसेसचं अजून बघायचंय, आत्ता कार्ड हजर आहे.

खिडकीतून

मधेच बोलतो. तुमच्या यादीत जे ब्लेंडर आहे ते नक्की कुठलं ब्लेंडर आहे? ती यादी नावाने चालत नाही, फाइलच्या पूर्ण पत्त्याने चालते. रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार) युजर जीपीयू प्रेफरन्सेस म्हणून एक की आहे तिथे प्रत्येक ईएक्सईचा (प्रोग्रॅमची फाइल) अख्खा पत्ता आणि पुढे आकडा, १ म्हणजे पॉवर सेव्हिंग आणि २ म्हणजे हाय परफॉर्मन्स, एवढंच असतं. ब्लेंडरची प्रत्येक मोठी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमधे बसते. तुम्ही मधे आवृत्ती बदललीत का? बदलली असेल तर तुमचं सेटिंग जुन्या घराच्या दारावर लावलेलं आहे आणि माणूस नव्या घरात राहायला गेलाय.

आणि दुसरी खोच, स्टार्ट मेनूतला ब्लेंडरचा शॉर्टकट ब्लेंडर-लाँचर नावाच्या छोट्या ईएक्सईकडे जातो. तो फक्त मागे काळी खिडकी न दाखवता खरी ब्लेंडर डॉट ईएक्सई उठवतो आणि स्वतः बाजूला होतो. लोक शॉर्टकटवरून जागा शोधतात आणि लाँचरलाच हाय परफॉर्मन्स देऊन टाकतात. त्याला देऊन काय उपयोग, तो काही रंगवत नाही. गेम लाँचरच्या बाबतीत पण हेच होतं, दुकानाला कार्ड दिलं जातं आणि गेम बिचारा इंटेलवर.

टास्क मॅनेजरमधे डिटेल्समधे जा, ब्लेंडर चालू असताना त्याच्यावर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन करा. जी फाइल उघडेल तिचाच पत्ता ग्राफिक्सच्या यादीत घाला. मग ब्लेंडर पूर्ण बंद करून परत उघडा, चालू प्रोग्रॅमवर परिणाम होत नाही.

रात्रीचा_रेंडर

अरे देवा.

यादीतल्या ब्लेंडरवर क्लिक केलं तर पत्ता ३.६ च्या फोल्डरचा. मी ४.२ वर जाऊन कित्येक महिने झाले, ३.६ काढून पण टाकलंय, तो फोल्डरच आता नाहीये!! आणि हसू नका पण त्याच्याखाली दुसरी एंट्री होती, तिचं चिन्ह तेच केशरी, पत्ता बघितला तर शेवटी लाँचर. ती मीच मागच्या आठवड्यात केली असणार. दोन्ही काढल्या, ४.२ च्या फोल्डरमधली खरी फाइल घातली, हाय परफॉर्मन्स, ब्लेंडर बंद करून उघडलं.

रेंडररसमोर आता आरटीएक्स ३०५०. तोच खोलीचा सीन, खुर्चीभोवती गरागरा फिरवला, लोण्यासारखा. टास्क मॅनेजरमधे जीपीयू १ चाळीसेक टक्के आणि जीपीयू ० पंधरावीस. इंटेलचे ते पंधरावीस म्हणजे स्क्रीनवर टाकायचं काम ना? आधी मी ते बघूनच चिडलो असतो.

खिडकीतून, तुम्हाला साष्टांग. जुना_पंखा, तुम्हालाही.

खिडकीतून

हो, ते डेस्कटॉप आणि दारातलं काम. राहू द्या.

सीधाफॉरमॅट

फॉरमॅट मारला असता तरी सुटलंच असतं.

जुना_पंखा

सुटलं असतं, ते पण अपघाताने, आणि पुढची आवृत्ती आली की परत इथेच. रात्रीचा_रेंडर, पुढच्या वेळी ब्लेंडर बदललं की हे परत करावं लागेल, लक्षात ठेवा.

आता गायब होण्याचं. ते वेगळं प्रकरण आहे, त्याचा ब्लेंडरशी संबंध नाही.

रात्रीचा_रेंडर

आज झालं परत. सोफ्यावर बसून काम करत होतो, अर्ध्या तासाने बघितलं तर जीपीयू १ नाही. हिडन डिव्हायसेस केलं, आरटीएक्स फिकट, कोड ४५. चार्जर लावलेला होता बरं का, १०० टक्के खात्री, चार्जिंगचं चिन्ह होतं.

पूर्ण शटडाउन करून चालू केलं, तरी नाही. रिस्टार्ट केलं, तरी नाही. मग रात्री टेबलावर बसलो, बघतो तर हजर. टेबल आवडतं वाटतं त्याला.

जुना_पंखा

कोड ४५ म्हणजे विंडोजच्या मते ते यंत्र सध्या जोडलेलंच नाही. बिघडलंय म्हणत नाहीये, तक्रार करत नाहीये, नाहीच म्हणतंय. कार्ड मेलं असतं तर बहुतेक कोड ४३ किंवा सरळ हँग वगैरे झालं असतं. हे कोणीतरी मुद्दाम बाजूला काढलंय असं दिसतं. लॅपटॉप कंपनीच्या कंट्रोल अ‍ॅपमधे जा, तिथे जीपीयू मोड असा विभाग असेल. इको, स्टँडर्ड, ऑप्टिमाइझ्ड, अल्टिमेट, हायब्रिड, प्रत्येक कंपनीची बारशी वेगळी. तुमचं कशावर आहे?

इको म्हणजे वेगळं कार्ड पूर्ण बंद, बॅटरी वाचवायला. स्टँडर्ड किंवा हायब्रिड म्हणजे दोन्ही हजर, लागेल तसं. ऑप्टिमाइझ्ड किंवा ऑटो म्हणजे चार्जर बघून अ‍ॅप स्वतः ठरवतं. आणि अल्टिमेट किंवा डिस्क्रीट असेल तर आत मक्स नावाचा स्विच आहे जो स्क्रीनची वायरच आरटीएक्सकडे फिरवतो, तेव्हा मग इंटेल दिसेनासं होतं आणि ते बरोबरच असतं. तो स्विच सगळ्या लॅपटॉपमधे नसतो.

आणि सहज विचारतो, सोफ्यावरचा चार्जर आणि टेबलावरचा चार्जर एकच आहे का?

रात्रीचा_रेंडर

ऑप्टिमाइझ्डवर आहे. मी कधी हात लावल्याचं आठवत नाही.

आणि नाही, चार्जर वेगळे आहेत. टेबलावर लॅपटॉपबरोबर आलेला जाडजूड १५० वॅटचा, सोफ्यावर टाइप-सीचा ६५ वॅटचा, कारण तो ठोकळा उचलून न्यायचा कंटाळा येतो. पण चार्जिंग तर दोन्हीने होतं की?

थांबा.

रात्रीचा_रेंडर

करून बघितलं आत्ता. टास्क मॅनेजर उघडा ठेवून जाड चार्जर काढला, मनात आकडे मोजत बसलो, दहाबारापर्यंत आलो आणि जीपीयू १ ची ओळ डोळ्यांदेखत गेली. टाइप-सी लावला. चार्जिंगचं चिन्ह आलं. जीपीयू १ नाही आलं. पाच मिनिटं थांबलो, नाहीच. टाइप-सी काढून जाडा लावला, थोड्या वेळात ओळ परत. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच.

मी दोन आठवडे कार्ड मरतंय म्हणून सगळ्या फाइलींचा बॅकअप घेत बसलेलो.

जुना_पंखा

बॅकअप वाया जात नाही.

अ‍ॅपच्या हिशोबाने टाइप-सी म्हणजे बॅटरीचाच भाऊ. ६५ वॅटमधे प्रोसेसर, स्क्रीन, बॅटरीचं चार्जिंग आणि वर ३०५० एवढं सगळं भागवणं अवघड, म्हणून ते कार्डच बंद करतं. फक्त एका ओळीत सांगायला काय जात होतं हे मला कळत नाही, निदान चिन्ह तरी वेगळं ठेवावं. आता तुम्ही स्टँडर्डवर टाका, मग कार्ड कायम दिसेल, सोफ्यावर पण. पण ६५ वॅटवर जोरात काम लावलंत तर वेग कमी मिळेल आणि चार्जर लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरू शकते, तेव्हा परत नवीन धागा काढू नका.

डीडीयू_भक्त

मी हार मानतो. पण एक भर घालतो, बाहेरचा मॉनिटर लावत असाल तर. बऱ्याच लॅपटॉपमधे एचडीएमआयची वायर वेगळ्या कार्डाकडे जाते आणि टाइप-सीची इंटेलकडे, काहींत उलट. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधे सराउंड आणि फिजएक्सचं पान आहे तिथे कुठलं पोर्ट कुठल्या कार्डाला जोडलंय ते चित्रात दिसतं. मॉनिटर वेगळ्या कार्डावर असेल तर ते कार्ड झोपूच शकत नाही, त्याला सतत चित्र पाठवायचंय, मग लोक विचारतात बॅटरी दोन तासांत का संपते. आणि इको मोडमधे ते पोर्ट मेल्यासारखं होतं, केबल बदलत बसतात लोक. मी बदलल्यात. दोन.

रात्रीचा_रेंडर

मॉनिटर नाहीये अजून पण लिहून ठेवलं. स्टँडर्डवर टाकलंय, सोफ्यावर बसूनच लिहितोय आणि जीपीयू १ हजर आहे. एक शेवटचं, शटडाउन करून पण का आलं नव्हतं? मोड तोच होता म्हणून ना?

खिडकीतून

हो, मोड तोच आणि चार्जर तोच, मग काहीही करा. पण एरवीसाठी, विंडोजमधलं शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर झोपवले जातात आणि सकाळी तेच उठवले जातात, घोळासकट. ड्रायव्हरचं काही तपासत असाल तर रिस्टार्टच करा, त्यात सगळं नव्याने सुरू होतं. आणि नुसती स्क्रीन अडकली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, बीप वाजते, स्क्रीन लवते, ग्राफिक्सचा ड्रायव्हर रिसेट होतो.

नवखा_पेंग्विन

लिनक्सवर पण हाच तमाशा आहे पण तिथे निदान गुपचूप होत नाही. प्राइममधे (तिथली कार्ड निवडायची सोय) ऑन-डिमांड ठेवलं की सगळं इंटेलवर चालतं आणि ज्या प्रोग्रॅमला आरटीएक्स द्यायचंय त्याच्या आधी प्राइम-रन लिहून चालवायचं. विसरलात तर दोष तुमचाच.

दोन्ही_लाल

धागा वाचला, मलाही सेम प्रॉब्लेम आहे पण माझी दोन्ही कार्डं एएमडीची आहेत आणि दोघांचं नाव रेडिऑनच, ग्राफिक्स सेटिंगमधे कुठलं कुठलं तेच कळत नाही, आणि सीधाफॉरमॅट यांनी सांगितलं म्हणून काल फॉरमॅट पण मारला तरी तेच.

जुना_पंखा

ज्याच्या नावात नुसतं रेडिऑन ग्राफिक्स आहे ते बहुतेक वेळा इनबिल्ट, आरएक्स आणि पुढे आकडा आणि शेवटी एम किंवा एस असेल ते वेगळं. खात्री करायची तर टास्क मॅनेजरमधे डेडिकेटेड (कार्डाची स्वतःची) मेमरी बघा, वेगळ्याची ४ जीबी, ८ जीबी अशी भरभक्कम दिसेल, इनबिल्टची सहसा बरीच कमी. बाकीचं तुमच्या नव्या धाग्यात बोलू, तिथे चार्जर कुठला आहे ते आधीच लिहा.

आणि सीधाफॉरमॅट, आता तरी.

सीधाफॉरमॅट

मशीन स्वच्छ झालं ना पण.